बिस्किटाचा कायदा आणि डोंबिवलीचं मटण

ऑस्ट्रेलियात एका बिस्किटाला कायद्याचं संरक्षण आहे. 'ॲन्झॅक' हे पहिल्या महायुद्धात लढलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचं नाव केंद्रीय मंत्र्यांच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. १९२१ मध्ये झालेले हे नियम आजही लागू आहेत. ॲन्झॅक बिस्किटं विकायला मुभा आहे, पण मूळ कृतीत फार ढवळाढवळ करायची नाही आणि त्यांना 'कुकी' म्हणायचं नाही, या अटीवर. ही गोष्ट मी एकदा घरच्या ग्रुपवर सांगितली होती. डोंबिवलीच्या माझ्या चुलत दादाने ती नेमकी लक्षात ठेवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मला विचारलं, "तुमच्याकडे बिस्किटाला कायदा चालतो, मग इथे एक दिवस मटण बंद ठेवलं तर काय बिघडलं?"

तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला चोवीस तास मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला होता. १९८८ च्या एका जुन्या ठरावाचा आधार दिला होता. आणखीही काही शहरांत असेच आदेश निघाले आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही त्यावर नाराजी व्यक्त केली. श्रावण चालू होता, दादाच्या घरी तसंही मटण शिजणार नव्हतं. म्हणूनच त्याला या आदेशाची झळ लागली नाही, असं मला वाटतं.

दादाला सविस्तर उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते इथे देते.

२५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. खेचरांवर तोफा लादून आलेले पंजाबचे हिंदी तोफचीही त्याच दिवशी तिथे उतरले होते. आठ महिने झुंजून, हाती काही न लागता सगळे माघारी फिरले. एकट्या ऑस्ट्रेलियाची आठ हजारांहून जास्त माणसं गेली. आता दरवर्षी त्या तारखेला पहाटेच्या अंधारात गावोगावच्या स्मारकांपाशी लोक जमतात आणि त्या सुमाराला घराघरांत ही बिस्किटं होतात.

कृती सोपी आहे. ओट्स, मैदा, साखर आणि सुकं किसलेलं खोबरं एकत्र करायचं. बटर आणि गोल्डन सिरप मंद आचेवर वितळवायचं; हे सिरप चवीला आपल्या काकवीच्या जवळचं, फक्त जरा सौम्य. मग खायचा सोडा उकळत्या पाण्यात कालवून पातेल्यात ओतला की सगळं फसफसून वर येतं. ते फसफसतंय तोवरच कोरड्या जिन्नसांत मिसळायचं. लिंबाएवढे गोळे हलके चेपून, मध्ये भरपूर जागा सोडून ट्रेमध्ये मांडायचे, कारण ते पसरतात. ओव्हनमधून काढताना बोट रुततं इतके मऊ असतात आणि गार झाल्यावर कडक होतात. अंडं नाही, म्हणून ती टिकतात. आमच्या ओळखीतल्या काटेकोर शाकाहारी काकूही ती निर्धास्त खातात.

ही बिस्किटं आघाडीवर पाठवली जायची, असं ऑस्ट्रेलियात जो तो सांगतो. कॅनबेराचं युद्धस्मारक मात्र स्पष्ट म्हणतं की सैनिकांच्या वाट्याचं बिस्किट वेगळंच होतं, दाताला दाद न देणारं. ते किसून सैनिक त्याची लापशी करत. काहींनी त्यावर मजकूर लिहून ते पत्रासारखं घरी पाठवलं. ओट्सच्या बिस्किटांनी मुख्यतः मागे राहिलेल्या बायकांना फौजेसाठी पैसा उभा करून दिला. हे कळलं म्हणून कुणी बिस्किटं करायची सोडलेली नाहीत.

आणि दादा, तो कायदा विकणाऱ्याला आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर कुणी भलताच माल खपवू नये, एवढंच तो बघतो. मी घरी त्यात वेलदोडा घालते, सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २५ एप्रिलला दुपारी एकपर्यंत बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, हेही तू म्हणशील. पण कपड्यांचं बंद असतं तसंच भांड्यांचंही. एका जातीच्या, एका धर्माच्या, एका प्रकारच्या जेवणाचं तेवढं शटर खाली येत नाही. डोंबिवलीत नेमकं तेच झालं आणि स्वातंत्र्यदिनाचा मटणाशी संबंध काय, हे कुणी धडपणे सांगितलंही नाही. कोल्हापुरात १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला रस्तोरस्ती जिलेबीचे स्टॉल लागतात. कुठल्या आयुक्ताने तसा आदेश काढलेला नाही. लोकांनी तो दिवस आपल्या ताटात आपणहून घेतला.

एप्रिलमध्ये बिस्किटं करताना मला कुत आठवतं. आजच्या इराकमधल्या या गावात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन जवळजवळ पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापून मांस वाटलं गेलं. पुष्कळ हिंदी सैनिकांनी ते धर्मापोटी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, तरी बरेच जण अडून राहिले; अगदी शेवटी अनेकांनी खाल्लं. उपासमारीतही ज्याने त्याने काय खायचं ते स्वतः ठरवलं. पुढे खाल्लेले आणि न खाल्लेले दोघेही त्याच वाळवंटातून कैदेत चालत गेले आणि त्यातले हजारो परतले नाहीत.

गॅलिपोलीच्या तारखेनंतर चारच दिवसांनी कुतची तारीख येते, पण महाराष्ट्रात ती कुणाला ठाऊक नसते, याचं मला फार वाईट वाटतं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. कोकणात आणि देशावर कितीतरी गावांत तशा दगडी पाट्या आहेत, किती लढायला गेले आणि किती मेले याचे आकडे कोरलेल्या. मटणाच्या दुकानाचं शटर मोजण्यात जो वेळ गेला, तो या पाट्या वाचण्यात गेला असता तर १५ ऑगस्टला जास्त शोभला असता.

या वर्षी मी २९ एप्रिललाही काहीतरी करणार आहे. जवाच्या पिठाची भाकरी थापायचा विचार आहे, कारण कुतमध्ये शेवटी जवाचं पीठच उरलं होतं. दादाला कृती पाठवेन, करायची की नाही ते त्याने ठरवावं. आणि ज्यांच्या घरातून कुणी त्या पलटणींत गेलं होतं, त्यांनी आपल्याकडे त्या माणसाच्या नावाने काय शिजतं ते लिहावं. मला ते शिकायचं आहे.