1.54 ने भागलं म्हणजे पल्स मोजली, असं होत नाही

फेमटोसेकंद (10⁻¹⁵ सेकंद) लांबीच्या पल्सचे लेझर वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ऑटोकोरिलेशनच्या (पल्सच्या दोन प्रती एकमेकींवरून सरकवून मिळणाऱ्या) वक्राची अर्ध्या उंचीवरची रुंदी 1.54 ने भागा, पल्सची लांबी मिळाली. वक्र सुबक असेल तर पल्सही स्वच्छ. फ्रॉगची (पल्सचा आकारही शोधणाऱ्या मापनपद्धतीची) गरज नाही.

आधी भागाकार. 1.54 चालतो तो पल्स सेक-वर्ग (sech²) आकाराची मानल्यावर. गाउसीय (घंटेसारख्या आकाराची) मानली तर 1.41. म्हणजे 100 फेमटोसेकंदांच्या त्याच वक्रातून 65 निघतात किंवा 71. आकार कुणी मोजलेलाच नसतो. निदान स्पेक्ट्रम सोबत घ्या. 800 नॅनोमीटरला 30 फेमटोसेकंदांच्या गाउसीय पल्सला 31 नॅनोमीटर रुंद स्पेक्ट्रम पुरतो. स्पेक्ट्रम 50 नॅनोमीटरचा निघाला तर पल्स चर्प झाली आहे (तिचे रंग काळात मागे-पुढे पसरले आहेत), ती 19 फेमटोसेकंदांपर्यंत दाबता येईल.

वक्र सुबक दिसणारच. पल्स स्वतःशीच ताडून पाहिली जाते, त्यामुळे वक्र नेहमी सममित येतो. एक पिकोसेकंद आधी आलेली उप-पल्स आणि तितकीच नंतर आलेली, दोन्ही सारख्याच दिसतात. घन लक्ष्यावर मारा करताना मात्र आधीची उप-पल्स प्लाझ्मा उठवून प्रयोग बिघडवते. (वक्र असममित आलाच, तर विलंबाचा आरसा वाहणारी स्टेज सरकताना किरण हलतोय, आधी अलाइनमेंट बघा.)

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच. पल्स दर वेळी बदलत असेल तर सरासरीत रुंद बैठकीवर एक अरुंद सुळका उभा राहतो. सुळक्याची रुंदी पल्सची नसते, सुसंगतीची (कोहेरन्सची) असते. बैठक पार्श्वभूमी समजून वजा केली, की अस्थिर लेझर कागदावर उत्तम ठरतो.

लेझरच्या तोंडाशी मोजणंही पुरत नाही. 10 मिलिमीटर बीके-7 काचेतून 30 फेमटोसेकंदांची पल्स 51 ची होते. नमुन्यापर्यंत जितकी काच आहे, तितकीच मापनाच्या वाटेत ठेवा. मापनात दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा प्रकाश) बनवणारा बीबीओ स्फटिक पातळ हवा: 800 नॅनोमीटरला त्यात मूळ प्रकाश आणि हार्मोनिक यांच्यात सुमारे 190 फेमटोसेकंद प्रति मिलिमीटर गतिफरक पडतो. आणि विलंबाचा आरसा 1 मायक्रोमीटर सरकला की विलंब 6.67 फेमटोसेकंद, 3.33 नव्हे, कारण प्रकाश जाऊन परत येतो.

फ्रॉगमध्ये डिटेक्टरच्या जागी स्पेक्ट्रोमीटर येतो, म्हणून आकार आणि फेज दोन्ही सापडतात. दुसऱ्या हार्मोनिकच्या फ्रॉगला काळाची दिशा मात्र कळत नाही. ती ठरवायला वाटेत माहीत जाडीची काच घालून पुन्हा मोजा. मोजलेली आणि संगणकाने परत उभी केलेली, अशा दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. त्या जुळत नसतील तर लांबीचा आकडा लिहू नका.