सॉकेट जुळलं आणि वॅट भरपूर असले, की झालं?

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, गेमिंग पीसी जुळवायला घेतला की एक सल्ला हमखास कानावर येतो. पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर घाला. मदरबोर्ड सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) जुळणारा कुठलाही चालतो, फक्त फेज (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या समांतर वाटा) जास्त बघा. पॉवर सप्लाय हजार वॅटचा आणि गोल्ड शिक्क्याचा घ्या, केबल्स जुन्या असतील तर त्याच वापरा. हा सल्ला लोक विश्वासाने पुढे पाठवतात, आणि त्यापायी चांगले प्रोसेसर चुकीच्या बोर्डावर जाऊन बसतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी सॉकेट. ते जुळलं की मशीन सुरू होईल, एवढंच. ओव्हरक्लॉक होईल का, हे चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपवर ठरतं. एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसणारा इंटेलचा ‘के’ प्रोसेसर बी७६० बोर्डावर चालतो आणि झेड७९० वरही. पण मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी पट) वाढवण्याची सोय झेड मालिकेतच आहे. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडी इथे उदार आहे, बी६५० वरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो. ए६२० वर मात्र होत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) गेल्यावर हे कळण्यापेक्षा खरेदीआधी कळलेलं बरं.

फेजचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर इंटेलने २५३ वॅट दिली आहे. पॉवर सप्लायकडून ही वीज १२ व्होल्टने येते, म्हणजे साधारण २१ अँपिअर. प्रोसेसरला मात्र ती सव्वा व्होल्टच्या आसपास लागते. म्हणजे बोर्डावरच्या व्हीआरएमला (व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाला) तब्बल २०० अँपिअर पुरवायचे असतात, तेही सॉकेटभोवतीच्या बोटभर जागेतून. आता वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलं असं समजा. वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५ टक्के वेगासाठी सुमारे २२ टक्के जास्त वॅट मोजावे लागतात: २५३ चे ३१०, आणि २०० अँपिअरचे २३०. ओव्हरक्लॉकिंगमधला खरा भार हा आहे.

तो पेलतो की नाही, हे फेजच्या नुसत्या आकड्यावरून कळत नाही. खोक्यावर १६ छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात कंट्रोलरच्या आठच वाटा दुप्पट केलेल्या असू शकतात. ती रचना वाईट असतेच असं नाही. बघायचं ते प्रत्येक पॉवर स्टेज (फेजमधली वीज सोडणारी चिप) किती अँपिअरची आहे आणि तिच्यावरचा हीटसिंक कसा आहे ते. नक्षीदार झाकण म्हणजे हीटसिंक नव्हे. पंख्याची हवा लागेल असा धातूचा भरीव, खाचांचा ठोकळा हवा. व्हीआरएम फार तापलं की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि केलेला ओव्हरक्लॉक तिथेच संपतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: टॉवर कूलरच्या पंख्याची थोडी हवा सॉकेटभोवती फिरते, लिक्विड कूलर लावला की ती बंद होते. त्यामुळे लिक्विड कूलर लावणाऱ्याने व्हीआरएमची जास्त काळजी घ्यायला हवी. बोर्डाची चाचणी वाचताना अर्धा तास पूर्ण लोड दिल्यावरचं व्हीआरएमचं तापमान शोधा.

आता हजार वॅट. वरचा ३१० वॅटचा प्रोसेसर, ३२० वॅटचं आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आणि बाकीच्या भागांना साठ-सत्तर धरले तरी बेरीज ७०० च्या आसपास जाते. चांगला ८५० वॅटचा सप्लाय इथे पुरतो. मात्र ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि सप्लायला ती सोसली नाही तर खेळ ऐन रंगात असताना मशीन बंद पडतं. एटीएक्स ३.० हे पॉवर सप्लायचं मानक २०२२ साली आलं ते याच कारणाने: त्यानुसार १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा लागतो. या मानकाचा ८५० वॅटचा सप्लाय मी जुन्या रचनेच्या हजार वॅटपेक्षा आधी निवडेन. लेबलवरची १२ व्होल्टची ओळही वाचा. हजार वॅटच्या चांगल्या सप्लायवर तिथे ८३ अँपिअर किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असतो. खूप कमी असेल, तर एकूण वॅटची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या जोरावर फुगवलेली आहे.

मोठा सप्लाय जास्त वीज खातो, ही उलट बाजूची भीतीही खरी नाही. मशीन मागेल तेवढीच वीज तो ओढतो.

गोल्ड शिक्का कार्यक्षमता सांगतो: ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भाराला ९० टक्के. १२ व्होल्टच्या रेलवर (वाहिनीवर) रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेत आहे का, जास्त करंट किंवा जास्त उष्णता झाल्यावर संरक्षण वेळेवर काम करतं का, हे तो सांगत नाही. त्यासाठी सप्लाय उघडून, भार देऊन केलेली सविस्तर चाचणीच वाचावी लागते.

जुन्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल्सचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी कुठल्याच मानकाने ठरवलेली नाही. कंपनी तीच असली तरी मॉडेलनुसार ती बदलू शकते. केबल खटकन बसते, आणि ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की एसएसडी डेटासकट जाते. नव्या सप्लायच्या खोक्यातून आलेल्याच केबल्स लावा, आणि जुन्या त्यांच्या सप्लायसोबत बांधून ठेवा.