विन्स्टनपाशी पट्टी नव्हती

"खेड्यातल्या पोरांना ऑर्वेल कशाला, सोपं काही घ्या ना." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायचंच ठरवलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएच्या वर्गाला मी जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' शिकवते. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे बाकं अर्धी रिकामी. १९४९ साली आलेली ही कादंबरी बहुतेकांना आठवते ती माणसावर चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनमुळे. माझा वर्ग अडकला चॉकलेटपाशी.

चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणणार, असं जाहीर होतं. दुसऱ्याच दिवशी बातमी येते की रेशन 'वाढवून' आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून बिग ब्रदरचे, म्हणजे तिथल्या सर्वेसर्वा नेत्याचे, आभार मानले! कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याच्या शेजाऱ्याला ते खरंही वाटतं. आणि यंदा रेशन कमी करणार नाही, हे जुनं आश्वासन वर्तमानपत्राच्या मागच्या अंकातून बदलायचं काम खुद्द विन्स्टनच्याच टेबलावर आलेलं असतं.

मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी हे नाही चालणार. बाबा कापसाच्या पट्ट्या पेटीत ठेवतेत." पट्टी म्हणजे कापूस विकल्याची पावती. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्या पट्ट्याही आहेत. आता त्याहून कमी भावाला कोणी 'लय चांगला भाव' म्हटलं की बाबा पेटी उघडतात.

बाजारात भाव पडणं वेगळं आणि इतिहास पुसणं वेगळं, हे मी सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. "पण विन्स्टनपाशी पट्टी नव्हती न!"

खरं तर एकदा होती. तीन जुन्या नेत्यांचे कबुलीजबाब खोटे ठरवणारा वर्तमानपत्राचा तुकडा त्याच्या हाती आला होता, आणि भीतीपोटी त्यानं तो मेमरी होलमध्ये, म्हणजे नको असलेले कागद नष्ट करायच्या भोकात, टाकून दिला. हे ऐकल्यावर वर्गात भांडणच लागलं. "काहून टाकला त्यानं?" "तू काय केलं असतं रे?" तास संपला तरी कोणी उठेना.

या पोरांच्या घरी सातबारा, कर्जाची पावती, पीकविम्याचा कागद पन्नीत गुंडाळून ठेवलेला असतो. पावसात छत गळायला लागलं की आधी ती पन्नी हलवतात. त्यांना सोपं पुस्तक देणं म्हणजे त्यांची ही समज वर्गाबाहेर उभी करणं, आणि ते मला मान्य नाही.

परवा तिनं एक पट्टी आणून दाखवली. शाई पार उडत आलीय. विन्स्टन डायरी लिहायला बसतो तेव्हा साल १९८४च आहे का, याचीही त्याला खात्री नसते. तो प्रसंग आम्ही त्याच दिवशी पुन्हा वाचला. आज तिची वही तपासायला घेतली, तर मागच्या पानांवर सगळ्या पट्ट्यांचे आकडे उतरवलेले. तारखेसकट.