‘वरवरचा फेरफटका’ या आरोपाला उत्तर

महोदय,

वडोदऱ्यातील दांडिया बाजार आणि बाबाजीपुरा भागातील अंगणवाड्यांची व महापालिकेच्या शाळांतील बालवाटिकांची (पहिलीच्या आधीच्या वर्गांची) तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. अंगणवाडी हे आहार वाटण्याचे ठिकाण असल्याने तिची शाळेशी तुलनाच होऊ शकत नाही, हा पहिला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचा मी विचार केला नाही, हा दुसरा. आणि तिसरा आपल्याच शब्दांत: ‘ज्यांची मुले अशा ठिकाणी कधी बसली नाहीत, त्यांनी वरवर फेरफटका मारून गुण वाटू नयेत.’

शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते, कारण ते लेखाविषयी नाही, माझ्याविषयी आहे. माझी आई याच शहरात अंगणवाडीत तेडागर, म्हणजे मदतनीस, होती. घरोघरी जाऊन मुलांना गोळा करणे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन आणणे, सुखडी वाटणे आणि मुले गेल्यावर खोली झाडणे हे तिचे काम मी त्याच खोलीत बसून पाहिले आहे. पुढे माझी मुलगीही शाळेत जाण्याआधी अंगणवाडीतच गेली, आणि ती नाइलाजाने नव्हे, आम्ही ठरवून पाठवली म्हणून. आपण एका शब्दाने विचारले असते, तर हे सगळे सांगितले असते. आपण विचारले नाही, परस्पर निकाल दिलात. आणि तोही स्वतःचे नाव न देता. मतभेद मला चालतात, पण समोरच्याच्या घरादाराविषयी मनाने काहीतरी ठरवून त्यावर उपदेश करणे हे सभ्यपणाचे नाही, हे स्पष्टच सांगते.

तुलनेविषयी एवढेच. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार आणि लसीकरणाबरोबर शाळापूर्व शिक्षणही आहे. गुजरातमध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट 2023-24 पासून लागू झाली आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळांना बालवाटिका जोडल्या गेल्या. तेथील शिक्षिकेसमोर एकाच वयाची मुले असतात. अंगणवाडीतील कार्यकर बहेन, म्हणजे सेविका, मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र सांभाळते, तान्ह्यांची वजने घेते, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते आणि ती सगळी माहिती मोबाइलवरही भरते. एवढे करून ती मुलांना गोष्ट सांगायला वेळ काढत असेल, तर भिंतींवरच्या नव्या चित्रांपेक्षा मी त्या गोष्टीला जास्त गुण देणार, आणि ते दिले आहेत.

वजने घेण्याच्या कामाला लेखात एकच ओळ मिळाली, ती अपुरी होती, हे मान्य करते. भाषेचा प्रश्न या लेखाचा विषयच नव्हता.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. या भागातील एखादी अंगणवाडी सकाळपासून सुटेपर्यंत बसून पाहिलीत आणि माझे एखादे निरीक्षण खोटे निघाले, तर ते जरूर लिहा; मी त्याला मुद्द्यानिशी उत्तर देईन.