पिकपचं पुढचं काम आणि खाल्लेले टायर – तुमच्या रिव्ह्यूला उत्तर
दादा, रिव्ह्यू वाचला. उत्तराला दोन दिवस लागले कारण आधी पोरांना बसवून तुमच्या गाडीचं काय काय केलं ते नीट विचारून घेतलं. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की इंजिन बदलल्यावर पिकप पुढनं बसली होती, आम्ही नुसता बोल्ट आवळून पैसे घेतले, गाडी अजून आपटते आणि महिन्यात पुढचे दोन्ही टायर खाल्ले.

बोल्ट आवळला हे खरंय, टॉर्शन बारच्या (स्प्रिंगच्या जागी पीळ खाणारी पोलादी दांडी) गाडीला उंची त्याच बोल्टनं मिळते. पण नुसता नाही ओ. दुसरीकडं बसवून आणलेलं इंजिन जुन्यापेक्षा जड, त्यामुळं चाक धरणारा खालचा आर्म बंप स्टॉपवर, म्हणजे दणका अडवणाऱ्या रबरावर टेकला होता, रबर चिरलेलं आणि आर्मवर घासून चकाकी आलेली, मी बॅटरी मारून दाखवलं होतं तुम्हाला. ते रबर बदललं, चाकं लटकती ठेवून बोल्ट फिरवले, गाडी खाली घेऊन हलवून बसवली, कोब्यावर हबपासनं मडगार्डपर्यंत टेप लावला तर डावीकडं १४ मिमी कमी, परत उचलली. असं तीनदा, अख्खी दुपार गेली त्यात.

तुम्ही म्हणत होता अजून दोन इंच उचला, द्राक्षाचा लोड असतो. नाही उचलली. बोल्ट आवळून बारची ताकद वाढत नसते, ती बारच्या जाडीत असते. बोल्ट फक्त गाडी वर ढकलतो, जास्त ढकलली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात दणका बसतो. आपटणं तरी राहिलं असेल तर जाड बार मिळतो का बघू.

टायरचं मात्र माझ्या अंगावर आहे. उंची बदलली की टो, म्हणजे चाकं पुढनं आत-बाहेर किती वळलीत ते, बदलतो, अलायमेंट (चाकांचा कोन जुळवणं) लगेच व्हायलाच पाहिजे. त्या दिवशी अलायमेंटवाला बंद, तुम्हाला रात्रीच तासगावातनं वाशीला माल न्यायचा, मी तोंडी सांगितलं आल्यावर करून घ्या आणि चावी दिली. बिलावरसुद्धा लिहिलं नाही, चूक झाली. टायरवर आडवा हात फिरवून बघा, एकीकडनं गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागेल, ते टोचंच काम. खंबाटकी चढून जाऊन-येऊन एवढं रनिंग, टायर घासतच गेले असणार.

गाडी रिकामी घेऊन या. बार थोडा बसतो म्हणून उंची परत मोजतो, अलायमेंट माझ्या खर्चानं आणि एका टायरचे पैसे मी देतो. फक्त नवीन टायर अलायमेंटच्या आधी टाकू नका, तेपण खातील.