समस्त इम्पोर्ट परिवार

कोडच्या एका फाइलीने किती इम्पोर्ट करावेत, म्हणजे बाहेरच्या किती फाइली मदतीला बोलवाव्यात, याला मर्यादा घालणारी माणसं बहुधा तिकडची असावीत. रजिस्टर लग्न, वीस पाहुणे, डबीतला पेढा. आपण वऱ्हाडातले. वऱ्हाड मोजून नेतं का कोणी?

तरी टीममधल्या एखाद्या शहाण्याने ईएसलिंटला, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनाला, 'मॅक्स-डिपेंडन्सीज'चा नियम लावलाच (आकडा नाही दिला तर मर्यादा १०), तर दर्यापूरकडची लग्नपत्रिका आठवा. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, मावशीच्या लग्नाला बोलावणारी किलबिल; जागा संपली की खाली 'समस्त परिवार'. तसंच करायचं. 'समस्त डॉट जेएस' फाइल काढा, चाळीस इम्पोर्ट तिथे कोंबा, तिथूनच एक्सपोर्ट करा. तुमच्या फाइलीत ओळ एकच. समस्तच्या माथ्यावर 'ईएसलिंट-डिसेबल' (म्हणजे इथे तपासू नको) लिहा आणि शेजारी 'तात्पुरतं'. तात्पुरतं लिहिलेलं कोणी काढत नाही.

म्हणे, इतके इम्पोर्ट लागतात म्हणजे ती फाइल एकटीच बिल काढते, मेल धाडते, पीडीएफ छापते. मग काढू द्या की! तोडली तर चार फाइलींना चार नावं द्यावी लागतील. नावं ठेवणं वेगळं. ते जमतं आपल्याला.

आकडा सम आहे का, हे दोनने भागून बघू नका. 'इज-इव्हन' (दुसऱ्याने लिहून ठेवलेलं तयार पॅकेज) बोलवा. तो 'इज-ऑड'ला घेऊन येतो, 'इज-ऑड' 'इज-नंबर'ला. पाहुण्याचा पाहुणा, त्याला पंगतीतून उठवता का?

रुसवेफुगवे मात्र होणारच. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड'च्या धन्याचं दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून बिनसलं आणि त्याने आपली सगळी पॅकेजं एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सामायिक कोठारातून, उचलून नेली. त्यातलं लेफ्ट-पॅड अवघं ११ ओळींचं, काम काय तर शब्दाच्या डावीकडे जागा भरणं. ते उठलं आणि जगभरच्या बिल्डांचा, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायच्या कामाचा, मांडव बसला. पुढे एनपीएमने ते स्वतःच परत आणून बसवलं. मानपान सांभाळावाच लागतो.

एनपीएम इन्स्टॉल रात्री करा. लाइन असते, आणि गच्चीवर टाकीजवळ दोन काड्या रेंज येते. एखादे वेळी मोटार चालू करायला निघालेला मामा मोबाइलचा उजेड पाहून जिना चढेल.

"काऊन बे, दीड घंट्यापासून काय उतरवून रायला? एवढं वऱ्हाड! लग्न कोनाचं हाय?"

"लग्न नाई, मामा. बटनाचा रंग बदलाचा हाय."