रॉकबिली जुनं का होत नाही

रॉकबिली, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांचं गावाकडचं कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूज मिसळून १९५०च्या दशकात झालेलं रॉक अँड रोल, म्हटलं की लोकांना आधी तेल चोपडून वर वळवलेले केस आठवतात, मग लांबलचक मोटारी, मग एल्विस. गाण्याचा नंबर सगळ्यात शेवटी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ही गाणी सत्तर वर्षं टिकली ती त्या थाटामाटामुळे नव्हे. त्यांत सामान फार कमी आहे आणि जे आहे ते सगळं जिवंत आहे, म्हणून ती टिकली.

५ जुलै १९५४. अमेरिकेतल्या मेम्फिसमधला, रेकॉर्ड-निर्माता सॅम फिलिप्सचा छोटासा सन स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बासवर, म्हणजे माणसाएवढ्या उंच, उभ्यानं वाजवायच्या तंतुवाद्यावर, बिल ब्लॅक. ड्रमर नाहीच. बराच वेळ संथ गाणी म्हणून पाहिली, काही जमेना. जरा विसावा घेताना एल्विस उगाच उड्या मारत 'दॅट्स ऑल राइट' म्हणायला लागला आणि बाकीचे दोघे त्याच्या मागे धावले. तेच रेकॉर्ड झालं.

लावणीतून ढोलकी काढून घेतली तर काय होईल? इथे तालवाद्यच नाही, तरी पाय जागेवर राहत नाहीत. हेडफोन लावून फक्त बास ऐका. बिल ब्लॅक तार ओढून सोडतो, ती परत येऊन लाकडावर आपटते, मग तळव्याची थाप पडते. सूर आणि ताल एकाच माणसाच्या हातातून निघतात. त्यावर फिलिप्सची करामत: आवाज दुसऱ्या टेप मशीनमधून फिरवून निमिषभर उशिरा परत आणायचा. या स्लॅपबॅकमुळे तीन माणसांचा आवाज खोलीभर होतो. फिलिप्सकडेच गाणाऱ्या जॉनी कॅशकडेही ड्रमर नव्हता, तर त्यानं गिटारच्या तारांत कागद अडकवला आणि त्या खरखरीवर ताल धरला. पैसे नव्हते, माणसं नव्हती, म्हणून हे सुचलं. पुढे मोठ्या कंपन्यांनी मोठे स्टुडिओ दिले, मागे कोरस उभे केले, आणि माझ्या मते तिथेच बरंचसं निसटलं.

'ब्लू स्वेड शूज' दोघांचं ऐका. कार्ल पर्किन्सचं मूळ गाणं डिसेंबर १९५५ मधलं. सुरुवातीच्या ओळींत तो एकेक ओळ म्हणून थांबतो, वाद्यांचा ठोका पडू देतो, मग पुढे सरकतो. एल्विस तेच एका दमात पळवतो. एल्विसचं जास्त प्रसिद्ध, पण मी कायम पर्किन्सच्या बाजूनं उभा राहीन. कापूस वेचणाऱ्या खंडकरी शेतकऱ्याचा हा पोरगा. शेतावरच्या एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याकडून गिटार शिकलेला. गाणं वर चढत असतानाच, मार्च १९५६ मध्ये, टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो सावरेपर्यंत लाट एल्विसच्या नावावर गेली होती. पण बीटल्सनी पर्किन्सची एक नाही, तीन गाणी रेकॉर्ड केली. त्यांना त्याची किंमत कळली होती.

आणि हेही बोललंच पाहिजे. 'दॅट्स ऑल राइट' मुळात आर्थर 'बिग बॉय' क्रुडपचं, १९४६ चं. हा कृष्णवर्णीय ब्लूज गायक आयुष्यभर रॉयल्टीसाठी झगडला आणि मजुरी करत राहिला. रॉकबिलीवर प्रेम करायचं तर क्रुडपचं मूळ गाणं ऐकायलाच हवं. निम्मी ऊर्जा तिथूनच आलेली आहे.

आपल्याकडे ही हवा लगेच पोचली होती. १९५७ मध्ये पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं. झकास गाणं, पण ते रॉक अँड रोलच्या वाटेचं, भरगच्च ऑर्केस्ट्राचं. तीन माणसांची ती ओढाताण त्यात नाही, आणि त्याला तिची गरजही नव्हती.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी क्रुडप आणि एल्विस पाठोपाठ ऐका. मग पर्किन्स. मग जीन व्हिन्सेंटचं 'बी-बॉप-ए-लुला', त्यातल्या क्लिफ गॅलपच्या गिटारसाठी. वांडा जॅक्सनचं 'फुजियामा मामा' तर सोडूच नका. पोरीच्या आवाजातली ती खरखर पुरुषांनाही जमलेली नाही. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास ऐकूच येत नाही. तुमच्या आवडीचं यातलं काही राहिलं असेल तर खाली नक्की लिहा, आज रात्री तेच लावतो.